चैत्र लागतोय आणि चिमू जेवत नाहीये

जाईचा_मांडव, पुणे | २३ मार्च २०२५, रात्री ११:१०

महिनाभर मनात साठलंय. आज ती झोपली तशी लिहायला बसले.

आमची चिमू २१ महिन्यांची आहे. महाशिवरात्र झाली, उकाडा सुरू झाला आणि हिचं जेवण उतरलं ते उतरलंच. सकाळी तूप-साखर लावलेला पोळीचा तुकडा हातात धरून घरभर फिरते आणि तो शेवटी सोफ्याखाली सापडतो. दुपारी वरणभाताचे चार घास. रात्री तोंड घट्ट मिटून मान इकडून तिकडे. द्राक्षं मात्र ताटलीभर दिली तरी हवीच असतात.

सासूबाई वाईहून माघात आल्यात आणि आमच्यासाठीच थांबल्यात. मी आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जाते, ते त्यांच्या जिवावर. नात जेवली नाही की त्यांचा जीव तुटतो. मऊ भात, मेतकूट, तूप कालवून वाटी घेऊन तिच्यामागे गॅलरीत, तिथून जिन्यात. हा काऊचा घास, हा चिऊचा. पाऊण पाऊण तास हे चालतं. मी घरी असले की मला ते बघवत नाही. मी म्हणते, आई, राहू द्या, भूक लागली की खाईल. त्या म्हणतात, रिकाम्या पोटी झोपवू का पोरीला? परवा यावरून दोघींचाही आवाज चढला. चिमू मध्ये उभी राहून एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. नंतर त्या ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये.

दुसरं म्हणजे झोप. आधी साडेबाराला झोपायची, आता अडीच वाजवते आणि साडेचारला उठते. उठली की दाराशी चपला घेऊन 'भूल! भूल!' (भूर). बाहेर ऊन रणरणत असतं. कॉलनीच्या बागेतली घसरगुंडी पत्र्याची आहे, ती सहा वाजेपर्यंत हात लावू देत नाही. मग घरातच रडारड, आणि रात्री झोपायला साडेदहा.

ज्यांच्याकडे एवढी लहान मुलं आहेत त्यांचा या दिवसांतला दिवस कसा जातो? आणि जेवणाचं काय करू?

पालवी | २३ मार्च, ११:३२

अगदी हेच आमच्याकडेही. १९ महिने. फक्त दहीभात. वाचतेय.

वैनगंगा, नागपूर | २४ मार्च, सकाळी ७:०५

आमच्याकडे मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकतो, त्यामुळे आमचा दिवस पुण्यापेक्षा आधी सुरू होतो. पहाटे साडेपाचला पोट्टं उठलं की मी त्याला घेऊन बाहेर पडतो. साडेआठला दार बंद. मग संध्याकाळी सहापर्यंत बाहेरचं नाव नाही. साडेअकराला जेवण, बाराला झोप. तुमची झोप पुढे सरकली कारण सकाळचं बाहेर जाणं होत नसावं. चिमूला सकाळी दमवा, दुपारची झोप आपोआप जागेवर येईल.

दुपारी चारला उठल्यावर आम्ही न्हाणीघरात टोपलीभर भांडी आणि थोडं पाणी देतो. अर्धा तास जातो. पाण्याबद्दल एक गोष्ट सांगायची आहे, पण ती नीट लिहायला हवी. रात्री लिहितो.

शुश्रूषा, कोल्हापूर | २४ मार्च, दुपारी १:४०

जाई, मी १४ वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते. एकच विचारते. चिमू दिवसाला दूध किती पिते? अंदाजे सांगू नकोस, बाटल्या मोज. रात्रीची धरून.

जाईचा_मांडव | २४ मार्च, रात्री १०:२०

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून आज पहिल्यांदा मोजलं. सकाळी उठल्यावर एक बाटली. दुपारी जेवली नाही म्हणून सासूबाईंनी एक दिली. संध्याकाळी अर्धी. झोपताना एक. पहाटे चारला उठली तेव्हा नवऱ्याने एक. बाटली १८० मिलीची आहे, म्हणजे ८०० च्या वर गेलं. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकच दिली. लिहितानाही पोटात कसंतरी होतंय.

शुश्रूषा | २५ मार्च, दुपारी २:१५

पोटात काही होऊ देऊ नकोस. वॉर्डात निम्म्या आया हाच आकडा घेऊन यायच्या आणि कुणालाच तो आधी माहीत नसायचा.

आता नीट ऐक. जन्माच्या वेळी साधारण ३ किलोचं बाळ वर्षाचं होईपर्यंत तिप्पट होतं. म्हणजे पहिल्या वर्षात सहा किलो वाढ. दुसऱ्या वर्षात सगळी मिळून दोन-अडीच किलोच. वाढीचा वेग इतका उतरला की भूकही उतरते. घरातल्या मोठ्यांच्या डोळ्यांपुढे मात्र सातव्या-आठव्या महिन्यातलं वाटी चाटून पुसणारं बाळ असतं. त्यामुळे चिमूची भूक कमी होणं हा उन्हाळ्याचा दोष नाही आणि कुणाच्या हाताचाही नाही. उकाड्याने थोडी भर घातली असेल इतकंच.

पण दूध ८०० मिली हा खरा प्रश्न आहे. या वयाला दिवसाला ४०० ते ५०० मिलीपेक्षा जास्त नको. तेवढ्या दुधाने पोट भरतं, आणि गाई-म्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसतं. अशी मुलं गुबगुबीत दिसतात, पण रक्त कमी असतं. रक्त कमी झालं की भूक आणखी मरते. हे चक्र मी शेकडो वेळा पाहिलंय. तुमच्या डॉक्टरांना विचारून एकदा हिमोग्लोबिन बघून घे. आपल्याकडे ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना आशाताई किंवा अंगणवाडीतून लोहाचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली. शहरातल्या सोसायट्यांत राहणाऱ्यांना बहुतेकदा हे माहीतच नसतं.

कसं कमी करायचं: पहाटेची बाटली आधी बंद. तिथे पाणी. दोन-तीन रात्री रडेल, नवऱ्याला सांग की जवळ घ्यायचं पण बाटली द्यायची नाही. मग दुपारची बंद. दूध पेल्याने किंवा वाटीने, बाटलीने नको. जेवणाआधी दोन तास दूध नाही, बिस्कीट नाही.

आणि जेवण जमिनीवर, सगळ्यांबरोबर. तिचं ताट तिच्यापुढे. काय वाढायचं आणि किती वाजता वाढायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते तिने. वीस मिनिटांनी ताट उचल, न रागावता. मागे धावून भरवलेला घास तिच्या लेखी खेळ असतो. हे सासूबाईंना तू सांगू नकोस, त्यांच्या हातात फोन देऊन हा प्रतिसाद वाचायला दे. आई, तुम्ही वाचत असाल तर: तुमचा मेतकूट-भात उत्तम आहे, तोच द्या. फक्त वाटीऐवजी ताटात, आणि तुम्ही तिच्या शेजारी बसून स्वतः जेवा.

गोवराच्या लसीचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो. झाला का?

जाईचा_मांडव | २५ मार्च, रात्री ९:५०

डोस झालाय ताई, डिसेंबरात. बाकीचं उद्या सासूबाईंना वाचायला देते. छातीवरचं ओझं हललं.

वैनगंगा | २५ मार्च, रात्री ११:००

काल म्हटलं होतं ते लिहितो.

दोन वर्षांपूर्वी, हेच दिवस. मुलगा १७ महिन्यांचा. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी भरून ठेवावं लागतं, म्हणून न्हाणीघरात ड्रम आणि दोन बादल्या कायम भरलेल्या. बायको कणीक मळत होती, मी बाहेरच्या खोलीत. तो आमच्यामध्ये कुठेतरी होता. मला टॉवेल हवा होता म्हणून मी उठलो. बघतो तर तो बादलीत डोकं खाली, पाय वर. पाण्यातला प्लास्टिकचा मग घ्यायला वाकला होता. बादली अर्धीसुद्धा भरलेली नव्हती.

बाहेर काढला, उलटा धरला, खोकला, रडला. देवाच्या दयेने काही झालं नाही. पण मला आजही आठवते ती शांतता. पाण्याचा आवाज नाही, हातपाय आपटल्याचा नाही. या वयाच्या मुलाचं डोकं बाकी शरीराच्या मानाने जड असतं. तोल गेला की त्याला स्वतःला वर उचलता येत नाही, आणि तोंड पाण्यात असलं की ओरडताही येत नाही. मला टॉवेल पाच मिनिटांनी लागला असता तर?

तेव्हापासून: न्हाणीघराला बाहेरून वर कडी. रिकामी बादली पालथी. ड्रमला घट्ट बसणारं झाकण, वर वजन. कूलरची टाकी त्याच्या हाताबाहेर, आणि दर आठवड्याला रिकामी करून पुसून कोरडी, नाहीतर डास होतात. पाण्यात खेळायला द्या, नक्की द्या, पण हाताच्या अंतरावर बसून. फोन बाहेर ठेवून.

पालवी | २५ मार्च, ११:१८

वाचून उठले आणि बादल्या पालथ्या घालून आले.

आजोबा_गोदाकाठ, नाशिक | २६ मार्च, सकाळी ९:२०

वैनगंगा, हे लिहिलंत म्हणून उपकार मानतो.

जाई, तू द्राक्षांचा उल्लेख केलास. मी द्राक्षांच्या गावचा, माझा भाऊ निफाडला बाग करतो, म्हणून हक्काने सांगतो. चिमूला द्राक्ष अख्खं देऊ नकोस. त्याचा आकार आणि गुळगुळीतपणा असा आहे की मुलाच्या श्वासनलिकेत ते बूच बसल्यासारखं बसतं. उभे चार काप करायचे, आडवे नाहीत. आधी मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची. तीच गोष्ट शेंगदाण्यांची आणि फुटाण्यांची. पाच वर्षांचं होईपर्यंत अख्खे नकोत, कूट करून द्यावेत. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ओटीतले भिजवलेले हरभरे बायका कौतुकाने मुलांच्या हातात देतात. तिथे लक्ष ठेव.

आता सकाळच्या फिरण्याविषयी. माझा नातू दोन वर्षांचा. मुलगा-सून साडेआठला बाहेर पडतात, तोवर साडेसहा ते आठ तो माझा असतो. आमचा रस्ता जेमतेम तीनशे पावलांचा, पण त्याला सव्वा तास लागतो. पिंपळाला सध्या तांबूस, चमकदार पालवी आहे. एक पान खाली पडलं की तो उचलतो, उन्हासमोर धरतो. करंजाखाली जुनी पानं आणि वर पोपटी कोवळी पानं एकाच वेळी दिसतात. काटेसावरीची फुलं माघ-फाल्गुनात पडायची, जाड पाकळ्यांची, तळहाताएवढी. तो एका हातात एकच धरू शकायचा. आता तिची बोंडं लागलीत, पुढच्या महिन्यात फुटून कापूस उडेल. पांगाऱ्यावर मैना आणि बुलबुल मध प्यायला येतात, तिथे आम्ही बाकावर बसतो.

आणि तांबट. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळ लाल. तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारावी तसा टुक्, टुक्, टुक्, एका लयीत, मिनिटामागून मिनिट. दिसत नाही, पण उन्हं चढली की ऐकू येतोच. नातू चालता चालता थांबतो, बोट वर करतो. बोलायला उशिरा लागलेला मुलगा, त्याच्या पहिल्या दहा शब्दांतला एक 'टुक' आहे. कोकिळेआधी त्याने तांबट ओळखला.

बाहेर जाताना खिशात एक केळं ठेव. बाकावर बसून मुलं जे खातात ते घरात खात नाहीत.

शुश्रूषा | २६ मार्च, दुपारी १:५५

काका, सगळं पटलं, फक्त केळं जेवणाच्या वेळेला धरून नको. आठला चालेल.

करवंद, रत्नागिरी | २६ मार्च, रात्री १०:४५

मी धाग्यावर पहिल्यांदाच लिहितेय. आमच्याकडे शिमगा नुकताच झाला. ग्रामदेवतेची पालखी घरी येते त्या दिवशी अख्खं घर अंगण सारवून वाट बघत असतं. मुलगा दोन वर्षांचा, गेल्या वर्षी माझ्या कडेवर झोपलेला होता. या वर्षी ढोल जवळ आला तसा त्याने माझ्या खांद्यात तोंड खुपसलं, थरथरत होता. सगळे म्हणाले, पालखीखालून ने, भीती जाईल. मी नाही नेलं. मागच्या पडवीत जाऊन बसले त्याला घेऊन, तिथून आवाज थोडा लांब वाटत होता. मोठ्या जावेने ओटी भरली. मला वर्षभर वाट पाहिलेली पालखी नीट बघायला मिळाली नाही, याचं वाईट वाटलं, खरं सांगते. पण दुसऱ्या दिवसापासून तो रोज डबा पालथा घालून दोन काठ्यांनी ढोल वाजवतो आणि पाटावर बाहुली ठेवून ती नाचवतो. म्हणजे पडवीतून त्याने सगळं पाहिलं होतं.

जेवणाचं म्हणाल तर काजूगरांची उसळ खातो, पण गर वाटून. ज्यांच्या घरी ओले काजू सोलतात त्यांनी मुलांना जवळ बसवू नका. सालीच्या चिकाने कातडी भाजते, माझ्या भाचीच्या गालावर डाग पडला तो महिनाभर होता.

घामोळ्यांना आम्ही पावडर लावत नाही. श्वासातून आत जाते. दोनदा साध्या पाण्याने अंघोळ आणि सासऱ्यांच्या जुन्या धोतराची झबली. पुण्यात धोतर नसेल तर जुनी सुती साडी.

यॉर्कशायरची_मनी, लीड्स | २७ मार्च, रात्री २:३०

इथे वसंत म्हणजे चार महिन्यांनी मोजे काढणं. बागेत डॅफोडिल फुललेत आणि माझा २० महिन्यांचा मुलगा प्रत्येकाच्या नाकाला नाक लावतो. तुमची ऊन टाळायची धडपड वाचताना मला आमची ऊन शोधायची धडपड आठवत होती. इथे एक ते चार वर्षांच्या मुलांना रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व द्यायला सांगतात.

या वर्षी पाडवा ३० मार्चला आणि नेमक्या त्याच पहाटे इकडची घड्याळं तासभर पुढे जातात. संध्याकाळी साडेसातपर्यंत उजेड राहणार. गेल्या वर्षी मुलगा पाळण्यातून खिडकीकडे बघत बसायचा आणि झोपायचा नाही. म्हणून या वेळी आजपासून रोज पंधरा मिनिटं लवकर झोपवतेय आणि जाड पडदा शिवून घेतलाय. आईने सोलापूरहून काठी सोडून गुढीचं बाकी सगळं पाठवलंय. कडुलिंब इथे मिळत नाही. गाठी मिळाली आहे. त्याला द्यावी का?

पालवी | २७ मार्च, सकाळी ८:१५

गाठी नको गं. नुसती साखर. एकदा चव लागली की पोळी विसरा.

आजोबा_गोदाकाठ | २७ मार्च, ९:४०

पालवी, वर्षातून एक दिवस. माझ्या आईने माझ्या गळ्यात घातली होती, मी मुलाच्या घातली, येत्या पाडव्याला नातवाच्या घालणार. हे मी सोडणार नाही.

शुश्रूषा | २७ मार्च, दुपारी २:००

काकांना मान्य. दोन बत्तासे मोडून द्या, मग दात पुसा. पण माळ गळ्यात ठेवून झोपवू नका, दोऱ्याचा फास बसतो. फोटो झाला की काढा.

कडुलिंबाची चटणी जिभेला टेकवली तर काही होत नाही. त्यातली भिजवलेली डाळ वाटलेली असू दे. मात्र कडुलिंबाचं तेल जंतांसाठी म्हणून कुणी पाजत असेल तर कधीही नको. लहान मुलाला त्याने झटके येऊ शकतात, जीवावर बेततं.

जाईचा_मांडव | ६ एप्रिल, रात्री १०:३०

आज रामनवमी. बारा दिवसांनी लिहितेय, कारण खरंच वेळ नव्हता.

२६ तारखेला सासूबाईंना फोन दिला. चष्मा लावून सगळा धागा वाचला त्यांनी. बादलीचा प्रतिसाद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, 'धाकट्या दिरांचा पहिला मुलगा असाच गेला, हौदात. आम्ही कधी बोलत नाही.' मला सात वर्षांत हे माहीत नव्हतं. त्या नातीच्या मागे मागे घरभर का फिरतात ते मला त्या क्षणी कळलं. मी त्यांच्याजवळ बसून राहिले. जेवणाचा विषय त्या दिवशी कुणीच काढला नाही.

पहाटेची बाटली बंद करताना तीन रात्री वाईट गेल्या. तिसऱ्या रात्री नवरा तिला खांद्यावर घेऊन पहाटे चार ते पाच गॅलरीत फिरत होता. चौथ्या रात्री उठली, पाणी प्यायली, झोपली. दुपारची बाटली सासूबाईंनी स्वतः बंद केली, मी ऑफिसला होते. आता दोन वेळा मिळून ४०० मिली, पेल्यातून, निम्मं अंगावर.

सकाळी साडेसहाला मी किंवा तो तिला घेऊन बाहेर. साडेअकराला जेवण. झोप साडेबारावर आली. हिमोग्लोबिन ९.६ आलं, डॉक्टरांनी लोहाचं औषध चालू केलंय. ताई, तुम्ही विचारलं नसतं तर आम्ही भूक वाढायचं टॉनिक आणून बसलो असतो.

पाडव्याला श्रीखंड-पुरी केली होती. चिमूने श्रीखंडाला बोट लावलं आणि नको म्हणाली. मग सासूबाईंच्या ताटातला मसालेभात मूठ भरून घेतला, परत घेतला, तिसऱ्यांदा घेतला. सासूबाई हलल्यासुद्धा नाहीत. ताट तिच्याकडे थोडं सरकवलं आणि स्वतः पुरी मोडत राहिल्या. हात जरा कापत होता त्यांचा. रोज असं होत नाही, काल परत दोनच घास. पण कुणी वाटी घेऊन उठलं नाही.

शुश्रूषा | ७ एप्रिल, दुपारी १:३०

९.६ वेळेवर सापडलं. औषध दोन महिने तरी चुकवू नकोस, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर दे, दुधाबरोबर नको. शी काळपट होईल, घाबरू नकोस. आईंना माझा नमस्कार सांग.

वैनगंगा | ७ एप्रिल, रात्री ९:००

आजींनी जे सांगितलं ते वाचून काय लिहू कळत नाही. त्यांना सांगा, आमच्या घरच्या बादल्या आजही पालथ्या आहेत.

आजोबा_गोदाकाठ | ८ एप्रिल, सकाळी ९:०५

चिमूला तांबट ऐकू आला का?

जाईचा_मांडव | ८ एप्रिल, रात्री १०:१२

आला काका. आमच्या कॉलनीच्या मागे उंबर आहे, तिथे असतो. मला वाटायचं कुणाची तरी पाण्याची मोटर वाजतेय. आज सासूबाईही बरोबर आल्या होत्या. त्यांनी चिमूला उचलून धरलं, दोघी वर बघत बराच वेळ उभ्या होत्या. दिसला नाही. उद्या परत जाणार आहोत.